माहितीपटाच्या वेळेचे पैसे कोण देणार?

आमच्या फिल्म सोसायटीत माहितीपट करू पाहणारी मुले येतात. पहिला प्रश्न ठरलेला: कॅमेरा कोणता घेऊ? मी म्हणतो, आहे तो चालव. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेव, म्हणजे आपल्याकडच्या ट्यूबलाइट पडद्यावर फडफडत नाहीत. उरलेले पैसे माइकवर घाल. चित्र थोडे हलले तर प्रेक्षक सांभाळून घेतो. माणूस काय बोलतो तेच कळले नाही, तर उठून जातो.

एवढे शिकायला एक रविवार पुरे. खरा खर्च वेळेचा. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० जण मारले गेले. चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’मध्ये (१९८५) ते गायले होते. पटवर्धनांनी तेव्हा चित्रीकरण सुरू केले आणि ‘जय भीम कॉम्रेड’ पुरा झाला २०११ साली. १४ वर्षे! खटल्याचा निकाल लागायलाच २००९ उजाडले होते. आठवडाभर कॅमेरा फिरवून ही गोष्ट हाती लागती कशी?

अशी वर्षे पोसणारे कुणी नाही. १९४८ची फिल्म्स डिव्हिजनही २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. मग उरतो आपण. सोसायटीचे सभागृह आहे, गणेशोत्सवाचा मांडव आहे. तिथे एक संध्याकाळ माहितीपट लावावा, दिग्दर्शकाला बोलवावे, हवे तर कडाडून भांडावे, आणि निघताना डबा फिरवावा. नाटकाचे तिकीट आपण मुकाट काढतो. माहितीपट तेवढा फुकट, हे कुणी ठरवले?