हा कुरव कोणता?

हिवाळ्यात घारापुरीच्या बोटीमागे उडणारे पांढरे कुरव तुम्ही पाहिले असतील. त्यांत काळ्या डोक्याचे आणि तपकिरी डोक्याचे असे दोन्ही असतात. पण थंडीत दोघांचीही डोकी पांढरी! कानाजवळ फक्त गडद ठिपका उरतो. मग ओळखायचं कसं?

पंख बघा. टोकाला मोठा काळा भाग आणि त्यात पांढरे ठिपके असतील, तर तो प्रौढ तपकिरी डोक्याचा. पुढची कड पांढरी असेल, तर काळ्या डोक्याचा. प्रौढ तपकिरीचा डोळाही फिकट असतो. लहान वयात मात्र दोघांचा गडदच.

म्हणून सोबत्यांबरोबर जा. एकाने पंख पाहावा, दुसऱ्याने डोळा. कुणी नाव सांगितलं की विचारा, "कशावरून?" एकमत झालं नाही, तर वहीत नुसतं 'कुरव' लिहा. चुकीच्या नावापेक्षा अर्धं नाव बरं.