शिफारशीची दस्तुरी

गिऱ्हाइकास दुकानाची वाट दाखविणाऱ्यास दुकानदारानें कांहीं द्यावें, ही चाल जुनीच आहे. तिला दस्तुरी म्हणत. कौटिलीय अर्थशास्त्राच्या धर्मस्थीय अधिकरणांत दुसऱ्याचा माल विकून देणाऱ्यानें धन्यास हिशेब कसा द्यावा, याचे नियम आहेत. म्हणजे मध्यस्थ हा प्राणी कांहीं इंग्रजी राज्याबरोबर आलेला नव्हे. नवें आहे तें इतकेंच कीं, आतां हा मध्यस्थ माजघरांत बसून, ज्याचें तोंडहि कधीं पाहिलें नाहीं अशा गिऱ्हाइकास दुकानाचें दार उघडून देतो. त्या दारास अफिलिएट लिंक म्हणतात.

या महिन्यांत हा विषय घेण्याचें कारण एका वाचक गृहस्थांचें पत्र. त्यांची धाकटी सून पाककृतींची वेबसाइट चालविते. पुरणयंत्र, बिडाचा तवा, मिक्सर अशा वस्तूंच्या लिंका ती कृतीखालीं देते आणि त्यांतून तिला महिन्याकाठीं दोन-तीन हजार रुपये मिळूं लागले आहेत. येथपर्यंत सारें घर कौतुकांत होतें. पुढें थोरल्या नणंदेनें तिच्या लिंकवरून मिक्सर घेतला, आणि त्या खरेदींत वहिनीस दीडशें रुपये मिळाले हें तिला चार महिन्यांनीं तिऱ्हाइताकडून कळलें. तेव्हांपासून नणंद वहिनीशीं धड बोलत नाहीं. “आमच्या घराण्यांत दलाली कोणी केली नाहीं, हें बंद करावयास सांगावें काय?” असें गृहस्थ विचारतात.

प्रथम ही यंत्रणा कशी चालते तें पाहूं. दुकान सूनबाईंस एक खूण देतें. ती लिंकमध्यें गुंफलेली असते. वाचकानें लिंकवर बोट ठेवलें कीं त्याच्या ब्राउझरमध्यें कुकी नांवाची एक लहानशी नोंद पडते, आणि ठरलेल्या मुदतींत त्यानें खरेदी केल्यास किंमतीचे शेकडा कांहीं टक्के त्या खुणेच्या मालकाच्या नांवें जमा होतात. गिऱ्हाइकास किंमत सामान्यतः तीच पडते. टक्के दुकानदाराच्या पदरचे. अमेझॉननें आपली अशी योजना जुलै १९९६ मध्यें काढली, तेव्हां तें पुस्तकांचें दुकान होतें. तेथील सामान्य मुदत २४ तासांची. मौज अशी कीं, वाचक तवा पाहण्यास गेला आणि तवा न घेतां प्रवासाची बॅग घेऊन आला, तरीहि दस्तुरी मिळूं शकते. उलट, मध्येंच त्यानें दुसऱ्या कोणाच्या लिंकवर बोट ठेवलें, तर पहिल्याचे सारे श्रम वायां. शेवटीं जो भेटला त्याचें फळ.

फळहि किती, तें पाहावें. समजा, १,००० लोकांनीं कृति वाचली, ५० जणांनीं लिंक उघडली आणि दोघांनीं ७०० रुपयांचा तवा घेतला. दर शेकडा ५ असेल, तर हातीं ७० रुपये येतात. सूनबाई दोन-तीन हजार मिळवितात, याचा अर्थ त्यांचें लिखाण पुष्कळ लोक वाचतात आणि त्यांवर भरंवसा ठेवतात. श्वशुरांनीं हें आधीं ध्यानांत घ्यावें.

आतां दलालीविषयीं. या शब्दानें आपल्या लोकांचें नाक कां मुरडावें, हें आम्हांस कधीं उमगलें नाहीं. पोस्टाच्या आवर्ती ठेवी गोळा करणाऱ्या महिला एजंट कितीतरी सुशिक्षित घरांतून आहेत. त्यांना कमिशन मिळतें हें गल्लींतील सर्वांस ठाऊक असतें, म्हणूनच कोणी रुसत नाहीं. जनावरांच्या बाजारांत रुमालाखालीं बोटें धरून सौदा करतात. तेथें भाव झांकलेला, पण दलाल उघड्यावर उभा असतो. प्रस्तुत प्रकरणीं नेमकें उलट झालें. किंमत नणंदेस दिसत होती, दलाल तेवढा रुमालाखालीं राहिला. तिचें दुःख दीडशें रुपयांचें नव्हे. आपण वहिनीचा सल्ला घेतला कीं दुकानाची जाहिरात वाचली, हें तिला आतां ठरवितां येत नाहीं. आम्ही शाळेंत असतां गाइडांचे गठ्ठे घेऊन विक्रेते येत, आणि ज्या गाइडावर शिक्षकांस अधिक सूट तें वर्गांत हटकून उत्तम ठरे. मुलांना सुद्धां तें कळत असे. असो.

तेव्हां उपाय बंद करण्याचा नव्हे, सांगण्याचा. “या लिंकवरून खरेदी केल्यास मला कमिशन मिळतें” हें एक वाक्य प्रत्येक कृतीच्या आरंभीं, मोठ्या अक्षरांत असावें. आप्तांस तर तोंडीं सांगावें. हा केवळ शिष्टाचार राहिलेला नाहीं. भारत सरकारनें जानेवारी २०२३ मध्यें प्रसृत केलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणें, शिफारस करणाऱ्याचा विक्रेत्याशीं आर्थिक संबंध असल्यास तो सोप्या भाषेंत व ठळकपणें प्रकट करावयाचा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल शिफारस करणाऱ्यासहि १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो.

उघडपणानें धंदा बुडेल ही भीति निराधार आहे. अमेरिकेंत ब्रायन लॅम यांनीं २०११ सालीं वायरकटर नांवाची वेबसाइट काढली. वस्तु प्रत्यक्ष वापरून, तपासून उत्तम ती सांगावयाची, आणि लिंकांवर कमिशन मिळतें हेंहि सांगावयाचें, असा त्यांचा क्रम. २०१६ सालीं न्यूयॉर्क टाइम्सनें ती सुमारें ३ कोटी डॉलरांस विकत घेतली. याच्या उलट, कोणी लिंकवर बोट ठेवलेलेंच नसतां लोकांच्या संगणकांत ईबे या बाजाराच्या कुकी गुपचुप घुसडून लक्षावधि डॉलर उकळणाऱ्या दोघांस २०१४ सालीं त्याच देशांत तुरुंगवास भोगावा लागला. सूनबाईंची गोष्ट अर्थातच या दुसऱ्या जातीची नव्हे. परंतु आपण स्वतः न वापरलेल्या मिक्सरची स्तुति केवळ त्यावर टक्के अधिक म्हणून करण्याचा मोह त्यांनाहि होईल. तेथें मात्र घरच्यांनीं अवश्य टोकावें.

राहतां राहिला हिशेब. दर ठरविणें सर्वस्वी दुकानाच्या हातीं असतें. एप्रिल २०२० मध्यें अमेझॉननें अमेरिकेंत फर्निचरवरील दर शेकडा ८ वरून ३ वर आणि किराण्यावरील ५ वरून १ वर आणला, तोहि आठवड्याभराच्या सूचनेनें. यास्तव या पैशावर घराचा हप्ता बांधूं नये. हें उत्पन्न प्राप्तिकराच्या विवरणांत दाखवावें लागतें. बँकेचें खातें सूनबाईंच्या एकटीच्या नांवें असावें. विवरणहि तिनेंच भरावें. महिनाअखेर किती आले, हें श्वशुरांनीं विचारूं नये. तिनें आपण होऊन सांगितलें तर ऐकावें.