हरली म्हणून घरी बसवायची?

क्रिकेट हा पुरुष मंडळींचा विषय, आपण फक्त मॅचच्या दिवशी चहाच्या फेऱ्या वाढवायच्या, असं अजूनही पुष्कळ घरांत गृहीत धरलेलं असतं. पण २०२५ च्या जानेवारीत आमच्या कारध्यात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण काय लुटलं यापेक्षा विदर्भ कसा हरला, याचीच चर्चा जास्त झाली. खोटं वाटेल, पण खरं आहे. 'थोडक्यात गेली जी मॅच!' असं एक काकू हळहळून म्हणाल्या आणि मग प्रत्येकीला काही ना काही बोलायचं होतंच.

तर झालं होतं असं. १८ जानेवारीला वडोदऱ्यात विजय हजारे करंडकाची फायनल झाली, विदर्भ विरुद्ध कर्नाटक. दोनच दिवस आधी सेमीफायनलमध्ये आपल्या पोरांनी महाराष्ट्राला ६९ धावांनी हरवलं होतं. (नागपूर-भंडाऱ्याकडच्या माणसाला या विजयात जी गोडी लागते, ती पुण्या-मुंबईच्या वाचकांना समजावून सांगणं कठीण आहे. असो.) फायनलमध्ये कर्नाटकानं ३४८ धावांचा डोंगर उभा केला. ध्रुव शौरीनं ११० केल्या, तेही सलग तिसरं शतक. शेवटी शेवटी हर्ष दुबेनं ३० चेंडूंत ६३ अशी आतषबाजी केली. वाटलं, आता होतं! पण एकोणपन्नासाव्या षटकात ३१२ वर सगळे बाद. ३६ धावा कमी पडल्या.

आम्ही कारध्याची माणसं तशीही 'थोडक्यात' या शब्दाला फार मानणारी. पावसाळ्यात वैनगंगेची पातळी आमच्याच पुलाजवळ मोजतात. धोक्याची पातळी २४५.५० मीटर. त्याच्या चार बोटं खाली पाणी असलं की लोक निवांत झोपतात आणि चार बोटं वर गेलं की धान्याची पोती उचलायला लागतात. २०२० च्या ऑगस्ट अखेरीस आलेला पूर ज्यांनी पाहिला, त्यांना 'जरासं' म्हणजे किती, हे शिकवावं लागत नाही.

पण मॅच हरल्यावर जे बोलणं सुरू झालं, ते मला खटकलं. सगळा रोख एकट्या करुण नायरवर! 'कॅप्टन असून ऐन वेळी गेला', 'शेवटी तो तिकडचाच, आपला थोडाच', इथपर्यंत. आता या माणसाचं त्या स्पर्धेतलं काम बघा. फायनलच्या आधी त्यानं ७५२ धावा केल्या होत्या, त्यात पाच शतकं, आणि बाद झाला होता फक्त एकदा! फायनलला २७ वर गेला. आठ डावांत एक डाव साधला नाही, तर तो लगेच परका? आणि समोर होतं कर्नाटक, म्हणजे त्याचं जुनं घर. याच माणसानं २०१६ मध्ये चेन्नईला इंग्लंडविरुद्ध भारतासाठी नाबाद ३०३ धावा केल्या होत्या. पुढे भारताच्या संघातून गेला, मग कर्नाटकाच्या संघातूनही गेला. डिसेंबर २०२२ मध्ये त्यानं जाहीरपणे लिहिलं होतं, प्रिय क्रिकेट, मला अजून एक संधी दे. ती संधी २०२३ मध्ये विदर्भानं दिली. आपल्या नागपूरनं दिली, याचा मला तरी अभिमान वाटतो.

बरं, हरल्यावर विदर्भाच्या निवड समितीनं काय केलं? कोणाला घरी बसवलं? अक्षय वाडकर रणजीचा कर्णधार, तो तसाच राहिला. करुण राहिला, शौरी राहिला, दुबे राहिला. तेच चेहरे फेब्रुवारीत रणजी करंडकाच्या सेमीफायनलला उतरले आणि मुंबईला ८० धावांनी हरवलं. याच मुंबईनं २०२४ च्या फायनलमध्ये वानखेडेवर आपल्याला १६९ धावांनी हरवलं होतं. तेव्हाही वाडकरनं शेवटच्या दिवशी शतक ठोकून झुंज दिली होती. मग २६ फेब्रुवारीला, महाशिवरात्रीच्या दिवशी, जामठ्याच्या मैदानावर केरळशी फायनल सुरू झाली. इकडे बाया गायमुखच्या यात्रेला निघालेल्या, उपासाच्या भगरीचं बघायचं, आणि मध्ये मध्ये स्कोअर विचारायचा! दानिश मालेवार नावाच्या आपल्या कोवळ्या पोरानं १५३ केल्या. विदर्भ ३७९, केरळ ३४२. पाच दिवसांत सामना निकाली निघाला नाही, आणि अशा वेळी पहिल्या डावात ज्याची आघाडी, त्याचा करंडक. आघाडी किती? ३७ धावांची. दुसऱ्या डावात करुणनं १३५ केल्या. हर्ष दुबेनं त्या मोसमात ६९ बळी घेतले, रणजीच्या एका मोसमातला विक्रम.

जानेवारीत ३६ नं गेलं, मार्चमध्ये ३७ नं आलं. पोरं तीच.

आता मला जे खरं बोलायचं आहे ते सांगते. मी बचत गटांच्या आणि किशोरवयीन मुलींच्या कामासाठी आसपासच्या गावांत फिरते. एका गावात नववीतली एक मुलगी कबड्डी खेळायची. चपळ इतकी की बघत राहावं. तालुक्याच्या शालेय स्पर्धेत त्यांचा संघ फायनलला गेला आणि दोन गुणांनी हरला. शेवटच्या चढाईत हीच पकडली गेली. झालं! घरी ठरलं, 'खेळून पाह्यलं ना, हरली ना, आता दहावीचं पाहा.' शाळेतूनही कोणी आग्रह धरला नाही. तिची आई मला म्हणाली, 'तिच्या बाबाले का सांगू जी मी? जिंकली असती त गोष्ट वेगळी होती.'

तिचा मोठा भाऊ टेनिस बॉलच्या टुर्नामेंट खेळतो. दर दिवाळीनंतर कुठे ना कुठे जातो आणि बहुतेक वेळा पहिल्याच फेरीत हरून येतो. त्याच्या हरण्यावरून घरात मीटिंग बसल्याचं मला माहीत नाही. उलट मागच्या खेपेला नवी बॅट आली.

मुलगा हरतो तेव्हा एक मॅच हरतो. मुलगी हरते तेव्हा खेळण्याची परवानगीच हरते. कारण तिला खेळायला पाठवलेलंच असतं अटीवर. बाहेरगावी जाणं, हाफ पँट घालणं, अंधार पडल्यावर परत येणं, हे सगळं घरानं उधारीवर दिलेलं असतं. जिंकली तर पेपरातल्या फोटोत उधारी फिटते. दोन गुणांनी हरली की वसुली सुरू. हरणं हे कारण नसतंच, निमित्त असतं. आणि मैत्रिणींनो, राग मानू नका, पण हे निमित्त पुष्कळदा आपणच पुरवतो. 'बघ, सांगितलं होतं ना' हे वाक्य बापाच्या आधी आईच्या, आजीच्या तोंडून निघतं.

आपल्या क्रिकेटच्या मुलींचंच बघा. २३ जुलै २०१७ ला लॉर्ड्सवर विश्वचषकाची फायनल होती, इंग्लंडशी. आपल्या नागपूरची मोना मेश्रामही त्या चमूत होती. २२९ करायच्या होत्या. तीन बाद १९१ पर्यंत सगळं सुरळीत. मुंबईची पूनम राऊत ८६ करून गेली आणि मग पत्त्याच्या बंगल्यासारखं कोसळलं. २८ धावांत सात गडी. नऊ धावांनी हरलो. सांगलीची आपली स्मृती मानधना त्या दिवशी शून्यावर बाद झाली होती. शून्यावर! तेव्हा तिला कोणी म्हटलं असतं की बाई, झालं तेवढं पुरे, तर?

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपण दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. हरमनप्रीत, स्मृती, दीप्ती, तिघीही लॉर्ड्सवर हरलेल्या. त्यातल्या दीप्तीनं अर्धशतकही केलं आणि पाच बळीही घेतले. अमरावतीची भारती फुलमाळी २०१९ मध्ये भारताकडून खेळली, मग बाहेर राहिली. पण ती खेळत राहिली आणि पुढे वीमेन्स प्रीमियर लीगमध्ये गुजरात जायंट्सकडून तिचे षटकार आपण टीव्हीवर पाहिले. विदर्भाच्या पुरुषांच्या संघालाही पहिला रणजी करंडक उचलायला साठ वर्षं लागली. १९५७ मध्ये सुरुवात आणि १ जानेवारी २०१८ ला इंदूरमध्ये जिंकले. साठ वर्षं कोणी म्हटलं नाही की बंद करा आता.

काही जणी म्हणतील, ताई, ही मोठ्या लोकांची उदाहरणं झाली. आमच्या पोरीला का विश्वचषक खेळायचा आहे? नसेल खेळायचा. तिला फक्त पुढच्या वर्षी पुन्हा तालुक्याला जायचं आहे. दहावीचं कारण पुढे करणाऱ्यांना हेही माहीत हवं की वरच्या पातळीपर्यंत खेळणाऱ्यांना दहावीत वाढीव गुण मिळतात आणि राज्याच्या नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पण मी हे मुद्दे आयांपुढे फार ताणत नाही. खेळण्याला नोकरीचं कारण जोडलं की पुन्हा तीच अट, तीच उधारी.

खरी अडचण वेगळी आहे आणि ती सुटण्यासारखी आहे. मुलींबरोबर जायला बाई माणूस नसतं. सगळ्या शाळांत मॅडम नाहीत, ज्या आहेत त्यांना घरचं आहे. म्हणून आम्ही त्या मुलीच्या गावच्या बचत गटात विषय काढला की स्पर्धेच्या दिवशी दोघी जणींनी मुलींसोबत गाडीत बसायचं, डबा सोबत न्यायचा, आणि हरो की जिंको, सगळ्यांना घेऊन घरी यायचं. मजुरी बुडेल ती गटानं द्यायची. यावर बरीच वादावादी झाली, मजुरीवरून तर फारच. शेवटी दोघींनी नावं दिली आहेत. त्यातली एक त्या नववीतल्या मुलीची आई आहे. कबड्डीत बोनस म्हणजे काय, हे तिला अजून नीट कळलेलं नाही. भेटली की विचारते.