अश्वशक्ती वाढली; सारथ्याचे काय?

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्याच्या एस. जी. बर्वे मार्गावर बेस्टच्या सेवेतील विजेवर चालणारी एक बारा मीटर लांबीची बस बेफाम होऊन गर्दीत घुसली आणि कित्येकांचे प्राण घेऊन थांबली. परिवहन खात्याच्या तपासणीत ब्रेक निर्दोष आढळले, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. चालक पूर्वी लहान बस चालवीत असे, आणि ही बिनक्लचची अवाढव्य गाडी त्याच्या हाती येऊन थोडेच दिवस झाले होते, हेही लोकांच्या कानी आले. दोष कोणाचा व किती, हे न्यायालय ठरवील. त्यात आम्हांस शिरावयाचे नाही. परंतु त्या रात्रीने आणखी एक प्रश्न उभा केला आहे, आणि तो कोणत्याच आरोपपत्रात बसत नाही. आजची वाहने त्यांच्या चालकांना पेलण्यापलीकडे गेली आहेत काय?

ही ओरड मोटारीइतकीच जुनी आहे, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. १८६५ च्या इंग्लंडातील कायद्याने यांत्रिक गाडीला गावात ताशी दोन मैल व गावाबाहेर चार मैल एवढीच मोकळीक दिली होती, आणि गाडीपुढे एक माणूस चालत ठेवण्याची सक्ती केली होती. १८९६ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात एक स्त्री मोटारीखाली सापडून मेली, आणि त्याच वर्षी ती वेगमर्यादा चौदा मैलांपर्यंत वाढविण्यात आली! त्या काळच्या भित्र्यांना आज हसणे सोपे आहे. परंतु एक गोष्ट विसरता कामा नये. पुढली सत्तर-ऐंशी वर्षे सामान्य माणसाच्या हातातले यंत्र बेताबेताने वाढले, आणि मुख्य म्हणजे आपण किती वेगात आहो हे ते यंत्र स्वतःच चालकाला सांगत असे.

ज्या प्रीमियर पद्मिनीने मुंबईकरांच्या दोन पिढ्या वाहिल्या, आणि जिची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली, तिचे इंजिन १०८९ सी.सी.चे, बळ सुमारे चाळीस अश्वशक्तीचे. १९८३ च्या डिसेंबरात अवतरलेली मारुती ८०० देखील चाळिशीच्या आतलीच. पद्मिनीने ताशी ऐंशी किलोमीटर गाठले की दारे खडखडू लागत, चाक हातात थरथरे, वारा कानांत शिरे, आणि मागे बसलेले गृहस्थ न राहवून म्हणत, “जरा हळू, मास्तर!” त्या गाडीचा अशक्तपणा हाच तिचा अर्धा ब्रेक होता. आता काचा बंद, आत गारवा, मंद संगीत, आणि एका बोटाने वळणारे चाक. काट्यावर एकशेवीस असतात. शरीराला साठदेखील जाणवत नाहीत. विजेच्या गाडीची तर गोष्टच निराळी. इंजिनाला वेगाची शिडी एकेक गिअरने चढावी लागे. विद्युत्-मोटारीचा पीळ, ज्याला टॉर्क म्हणतात, तो पहिल्या क्षणापासूनच जवळजवळ पूर्ण मिळतो. जुन्या गाडीत घाबरलेला चालक दोन्ही पाय दाबी, तेव्हा निदान डाव्या पायाखाली क्लच येऊन इंजिन चाकांपासून सुटत असे. आता पाय चुकला की चुकला.

यंत्र असे बदलले. माणूस बदललेला नाही. संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत त्याला आजही सुमारे एक सेकंद लागतो. तेवढ्यात ताशी पन्नासची गाडी चौदा मीटर पुढे जाते, शंभरची अठ्ठावीस. ब्रेक लागल्यावर थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दुप्पट वेगाला चौपट.

तथापि सारे खापर अश्वशक्तीवर फोडणे आम्हांस मान्य नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू सरकारी अहवालाने अतिवेगाच्या खात्यावर टाकले आहेत. पंचनाम्यात तो रकाना भरणे सर्वांत सोयीचे असते, हेही ध्यानात ठेवावे. मेलेल्यांत सर्वाधिक संख्या दुचाकीस्वारांची आणि त्यांच्या खालोखाल पादचाऱ्यांची होती, आणि त्यांना चिरडावयास चाळीस अश्वशक्ती पुरून उरते. पुण्याच्या नवले पुलाजवळ वारंवार अपघात होतात ते इंजिनाच्या जोराने नव्हे, तर लांबलचक उताराने. कल्याणीनगरात १९ मे २०२४ रोजी चारशेहून अधिक अश्वशक्तीच्या जातीच्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. तिच्या चाकामागे सतरा वर्षांचा मुलगा होता, असा पोलिसांचा आरोप आहे. ज्याला परवानाच मिळू शकत नाही त्याला परवान्याचे नियम काय आवरणार? तेथे पालकच गाठला पाहिजे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात तशी तरतूद झालेलीही आहे.

मग आमचे म्हणणे काय? परवाना असलेल्या, कायदा पाळणाऱ्या माणसाच्या हाती आपण काय देतो ते पाहावे. १९८८ चा मोटार वाहन कायदा हलक्या वाहनाची व्याख्या करताना वजन मोजतो, साडेसात हजार किलोपर्यंत. बळ मोजीत नाही. शिकवणी वर्गाच्या लहानशा गाडीवर परीक्षा दिलेला गृहस्थ दुसऱ्या दिवशी पाचशे अश्वशक्तीची मोटार कायदेशीरपणे हाकू शकतो. शंभर सी.सी.च्या फटफटीवर उत्तीर्ण झालेल्या तरुणाला हजार सी.सी.ची घेण्यास कोणी हरकत घेत नाही. युरोपात मोटारसायकलीचा परवाना अकरा किलोवॅट, मग पस्तीस, मग अमर्याद अशा पायऱ्यांनी मिळतो. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स प्रांतात नवशिक्याला दर टनामागे १३० किलोवॅटांहून बलवान मोटार वर्ज्य आहे. ही शिडी आपण का उभारू नये, ह्याचे समाधानकारक उत्तर आमच्या वाचनात आलेले नाही.

वेगाच्या बाबतीतही हेच. ऑक्टोबर २०१५ पासून मालवाहू ट्रकला ऐंशीचा लगाम बसविण्याची सक्ती झाली; खाजगी मोटारीला मात्र जुलै २०१९ पासून केवळ टिकटिक! समृद्धी महामार्गावरदेखील एकशेवीसच्या पुढे जाण्यास मनाई आहे. मग दोनशेचाळीसपर्यंत आखलेला काटा कोणत्या रस्त्यासाठी असतो? युरोपीय संघाने जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत मर्यादा ओळखून चालकाला सावध करणारी योजना सक्तीची केली आहे. चालकाला ती झुगारता येते हे खरे; तरी नुसत्या टिकटिकीपेक्षा ती बरी.

आणि सर्वांत निकडीचे ते बसचालकांचे शिक्षण. वैमानिकाला एका जातीचे विमान सोडून दुसऱ्या जातीचे हाती घ्यावयाचे तर त्या जातीची वेगळी मान्यता मिळवावी लागते. क्लचच्या बसवर मिळविलेला जड वाहनाचा परवाना विजेच्या बसला मात्र जसाच्या तसा चालतो. त्यात भाडेतत्त्वाच्या व्यवस्थेने भर घातली आहे: बस एकाची, चालक त्याच्याच पगारावर, मार्ग आणि प्रवासी उपक्रमाचे. अशा त्रांगड्यात चालकाला किती तास शिकवावयाचे, हे ठरविणारा धनी कोण? राज्य सरकारने विजेच्या जड वाहनांसाठी किमान तासांचे वेगळे प्रशिक्षण आणि वेगळी परीक्षा नियमात घालावी. तोपर्यंत बेस्टने प्रत्येक आगारात, भाड्याच्या बसवरील कोणत्या चालकाला कोणत्या जातीच्या गाडीवर किती तास शिकविले आणि त्याची परीक्षा कोणी घेतली, ह्याचा तक्ता लावावा, आणि ज्याचे नाव त्या तक्त्यात नाही त्याला बस बाहेर काढू देऊ नये.