बागेचें फाटक आणि परसाचें दार

गेल्या अंकीं तुळशीवृंदावनाविषयीं लिहितांना, परदेशांत पाहिलेल्या बागांची हकीकत सांगूं असें वचन आम्हीं वाचकांस दिलें होतें. तें आज पुरें करितों.

अमेरिकेच्या दक्षिण भागांत, साउथ कॅरोलिना संस्थानांत, चार्ल्सटन नांवाचें जुनें बंदर आहे. १६७० सालीं तेथें इंग्रजांनीं वसाहत केली. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त त्या प्रांतांत असतात. गेल्या चैत्रांत त्यांच्याकडे गेलों असतां सूनबाईंनीं आमच्यापुढें तिकिटें आणून ठेविलीं. तिकिटें कशाचीं, तर लोकांच्या घरच्या बागा पाहण्याचीं! १९४७ सालीं स्थापन झालेली 'हिस्टॉरिक चार्ल्सटन फाउंडेशन' ही संस्था दर वसंतांत असा बेत करिते. घरमालक कांहीं तासांपुरतीं आपलीं फाटकें उघडीं ठेवितात, आणि जमलेला पैसा जुन्या वास्तूंच्या जतनाकडे लागतो. परक्यानें पैसे मोजून कोणाच्या परसांत शिरावें, हें आमच्या वळणांत बसेना. पण तिकिटें काढलेलीं होतीं.

तेथील घरांची ठेवण मोठी शहाणपणाची आहे. घर एका खोलीइतकें अरुंद. त्याची अरुंद बाजू रस्त्याकडे, आणि दक्षिणेस किंवा पश्चिमेस लांबच लांब पडवी. रस्त्यावरचें दार उघडलें कीं माणूस घरांत न शिरतां प्रथम ह्या पडवीवर येतो. पडवीपुढें चिंचोळी बाग, आणि बागेपलीकडे शेजाऱ्याच्या घराची भिंत. त्या भिंतीला खिडक्या थोड्या ठेवीत, म्हणजे एकाच्या पडवीवर दुसऱ्याची नजर पडूं नये. वात्स्यायनानें नागरकाच्या घरालगत वृक्षवाटिका सांगितली आहे. चार्ल्सटनकरांनीं ती आपल्या चार हात जागेंत कशी बसविली आहे, हें पाहण्यासारखें आहे. ह्यांतील शंभराहून अधिक बागांची आंखणी लुट्रेल ब्रिग्ज ह्या एकाच उद्यानकारानें विसाव्या शतकांत केली. विटांची पायवाट, कापून नीट ठेविलेलीं सदाहरित झुडपें, मध्यें लहानसें पाण्याचें कुंड. जागा तोकडी असून मन मोकळें होतें. अझेलिया नांवाचीं झुडपें त्या दिवसांत अशीं फुललेलीं होतीं कीं पान दिसेना. इतका भडकपणा आम्हांस फारसा रुचला नाहीं, हें सांगून टाकितों.

एका कोपऱ्यांत मात्र आमचे पाय थबकले. फूल नव्हतें, कळीही नव्हती. केवळ तकतकीत हिरवें पान पाहून आम्हीं ओळखिलें, हा तर आपला अनंत! ह्या झाडाचें शास्त्रीय नांव गार्डेनिया, आणि तें पडलें ह्याच गांवच्या एका वैद्यावरून. डॉक्टर अलेक्झांडर गार्डन हा मूळचा स्कॉटलंडचा; अठराव्या शतकांत तो येथें वैद्यकी करी आणि लिनीयस ह्या विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञाशीं पत्रव्यवहार ठेवी. झाड चीन देशचें, नांव चार्ल्सटनच्या वैद्याचें, आणि सुगंध वाईच्या आमच्या वाड्यांतला! पुढें स्वातंत्र्ययुद्धांत गार्डननें इंग्रजांचा पक्ष घेतल्यामुळें त्याची मालमत्ता जप्त झाली. तो लंडनला गेला आणि तेथेंच १७९१ सालीं वारला.

बागेच्या मागील अंगास विटांचें एक दुमजली घरकुल होतें, वेलींनीं झांकलेलें. पहिल्या बागेंतही तसेंच एक होतें. तेथें कोण राहत, असें सूनबाईंनीं तिथल्या स्वयंसेवक बाईंस विचारिलें होतें, तेव्हां "नोकरमाणसें" असें गोड उत्तर मिळालें होतें. येथें फाटकाशीं बसलेल्या वृद्ध बाईंनीं मात्र क्षणभर आमच्याकडे पाहिलें आणि म्हणाल्या, "गुलाम."

मग त्यांनीं सर्व दाखविलें. आज जेथें हिरवळ आहे तेथें पूर्वीं कामाचें आवार होतें: स्वयंपाकघर, धुणीघर, तबेला, विहीर. गुलाम माणसें स्वयंपाकघराच्या माडीवर राहत. १८६५ सालीं गुलामगिरी संपली. पुढें ह्या आवारांच्या बागा झाल्या. शहरांतील जुन्या विटाही त्यांच्याच हातच्या. ओल्या मातींत रुतलेल्या बोटांचे ठसे कांहीं विटांवर अजून दिसतात, आणि कांहीं ठसे लहान मुलांचे आहेत. बाईंनीं भिंतींतील एका विटेवर आमचें बोट नेऊन ठेविलें. सूनबाईंनीं तोंड फिरविलें. शहरांत एका घराच्या कुंपणावर लोखंडी अणकुचीदार भाल्यांची ओळ आहे. १८२२ सालीं गुलामांच्या उठावाचा बेत उघडकीस येऊन पस्तीस जणांस फांशी दिल्यानंतरच्या भीतीनें ती बसविली, असें सांगतात.

उलट, ज्यांच्या नक्षीपुढें प्रवासी तासतास उभे राहतात अशीं लोखंडी फाटकें घडविणारे फिलिप सिमन्स (१९१२–२००९) हे कृष्णवर्णीय लोहार. ज्या लोहारापाशीं ते शिकले तो गुलामगिरींत जन्मलेला. सिमन्सांस १९८२ सालीं राष्ट्रीय सन्मान मिळाला; त्यांचें नांव आज गांवांत सर्वांच्या तोंडीं आहे. विटा थापणाऱ्यांपैकीं एकाचेंही नांव त्या बाईंस सांगतां येईना.

परततांना गाडींत सूनबाईंनीं सहज विचारिलें, "मामंजी, वाईच्या वाड्यांतल्या अनंताला पाणी कोण घालीत असे?"

आम्ही उत्तर देण्यासाठीं तोंड उघडिलें आणि गप्प झालों. रोज पहाटे रहाटाचा आवाज होई, तो कानांत आहे. वाकलेली पाठ, डोकीस गुंडाळलेलें मळकें फडकें, तें डोळ्यांपुढें आहे. झाडाचें संस्कृत नांव आम्हांस ठाऊक, इंग्रजी ठाऊक, आतां तर तें कोणावरून पडलें हेंही ठाऊक झालें. माणसाचें नांव कांहीं केल्या आठवेना.

घरीं पोहोंचतांच दादांस दूरध्वनि केला. त्यांचें वय आतां ब्याऐंशी. "आपण माळीच म्हणत होतों रे," ते म्हणाले, आणि त्यांनीं फोन वहिनींकडे दिला. वहिनी बराच वेळ आठवीत राहिल्या. नांव त्यांसही आठवलें नाहीं. पण परसाच्या दाराच्या उंबऱ्याबाहेर त्याची भाकर आपण ठेवीत असूं, आणि ती वरूनच टाकावी अशी सासूबाईंची ताकीद होती, एवढें मात्र त्यांनीं सांगितलें.