गाडी कुणाची, मोजमाप कुणाचं?

आमच्या किशोरी गटात चौदा वर्षांची एक मुलगी येते. तिच्या घरासमोर सायकल उभी करायलाही धड जागा नाही. पण पोर्शे ९११ सरस की निसान जीटी-आर, यावर ती भावाशी आणि त्याच्या मित्रांशी तासभर वाद घालू शकते. एकदा बैठकीनंतर हा वाद रंगात आला होता. तेवढ्यात तिची आई म्हणाली, "तुला गं काय करायचंय गाड्यांचं?" मुलगे हसले, ती गप्प झाली. भावाला मात्र हा प्रश्न कुणी विचारला नाही. ती गाडी घ्यायची ऐपत तर त्याचीही नाही!

स्त्रियांच्या अंकात मोटारींचा विषय कशाला, असं काहीजणींना वाटेल. मलाही वाटलं होतं. पण हे शौकीन गाडी कशी निवडतात हे समजून घेत गेले, तेव्हा जाणवलं की हा विषय आपल्याला परका नाही.

त्यांचं पहिलं माप सेकंदांचं. शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरचा वेग किती सेकंदांत? जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंगच्या सुमारे २१ किलोमीटरच्या वळणावळणांच्या मार्गावर एक फेरी किती मिनिटांत? २००८ साली निसानने जीटी-आरची फेरी ७ मिनिटं २९ सेकंदांत झाल्याचं जाहीर केलं. पोर्शेच्या लोकांनी तीच गाडी विकत आणून चालवली आणि आम्हाला ७ मिनिटं ५४ सेकंद लागले, असं सांगितलं. या पंचवीस सेकंदांवरून जगभरचे शौकीन कितीतरी वर्षं भांडले. यातल्या बहुतेकांनी तो मार्ग डोळ्यांनी पाहिलेलाही नसेल.

दुसरं माप घराण्याचं. ९११ पहिल्यांदा लोकांसमोर आली १९६३ साली. तिचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, आणि ही ठेवण कंपनीने आजवर जपली आहे. जीटी-आरचं इंजिन पुढे, ताकद चारही चाकांना, आणि सगळ्यावर संगणकाची नजर. एक पक्ष म्हणतो, त्या गाडीला आत्मा नाही. दुसरा म्हणतो, तुम्ही पैसे मोजता ते नावाचे. २००७ साली आलेल्या जीटी-आरचं उत्पादन २०२५ मध्ये थांबलं, तरी वाद काही थांबला नाही.

म्हणजे निवड होते ती गाडीची कमी आणि 'मी कोण' याची जास्त. यात हसण्यासारखं काही नाही. पैठणी घेताना आपण तरी फक्त अंग झाकायचा विचार करतो का? वेगाची ओढ पुरुषांचीच असते, असंही मी म्हणणार नाही. माझा आक्षेप दोन गोष्टींना आहे.

पहिली गोष्ट, यातलं जाणकार कुणाला मानायचं? त्याच न्यूर्बुर्गरिंगच्या परिसरात वाढलेल्या साबीने श्मित्झने तिथली चोवीस तासांची शर्यत १९९६ आणि १९९७ अशी सलग दोन वर्षं आपल्या साथीदारांसह जिंकली. २००४ साली 'टॉप गिअर' या ब्रिटिश कार्यक्रमात जेरेमी क्लार्कसनने डिझेलवरची एक जग्वार तिथे ९ मिनिटं ५९ सेकंदांत चालवली. तीच गाडी तिने ९ मिनिटं १२ सेकंदांत आणली. ती २०२१ साली गेली आणि तिथल्या एका वळणाला तिचं नाव दिलं गेलं. फ्रान्सच्या मिशेल मूतोंने तर १९८१ सालीच जागतिक रॅली स्पर्धेतली सान रेमोची रॅली जिंकली होती. शेजारी सहचालक फाब्रिझिया पोन्स, तीही बाईच. तरीही मुलीने गाडीबद्दल तोंड उघडलं की आपल्याकडे हशा पिकतो.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. इतकी मापं काढणारे लोक एक माप सहसा विचारत नाहीत: टक्कर झाली तर ही गाडी कुणाचं शरीर वाचवेल? टक्कर-चाचणीत गाडीत बसवला जाणारा मुख्य पुतळा अनेक दशकं सरासरी पुरुषाच्या मापाचा राहिला. बाईचा म्हणून जो वापरला गेला तो फार लहानखुऱ्या बाईच्या मापाचा. सरासरी बाईच्या बांध्याचा पुतळा स्वीडनच्या संशोधकांनी जगापुढे ठेवला तो २०२२ साली! समोरून टक्कर झाल्यास पट्टा लावलेल्या बाईला गंभीर दुखापत होण्याची शक्यता तशाच पुरुषापेक्षा ७३ टक्क्यांनी जास्त असते, असं अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली दाखवलं होतं. हा प्रश्न फक्त महागड्या गाड्यांपुरता नाही. आपण ज्या साध्या गाडीतून जातो, तिचाही आहे.

आणि गाडीबाहेरच्यांचं काय? १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका पोर्शेने मोटारसायकलवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. एक मुलगी, एक मुलगा. पोर्शे चालवणारा सतरा वर्षांचा होता. न्यूर्बुर्गरिंगला शर्यतीच्या वेळी वाट बंद असते. आपल्या रस्त्यावर भाजीची पिशवी घेतलेली बाई असते, रात्रपाळीहून परतणारी नर्स असते. सेकंदांच्या हिशेबात त्या कुठेच नसतात.

म्हणून मला वाटतं, मुलींना या वादातून उठवू नका. उलट त्यांना त्यात बसवा आणि नवे प्रश्न विचारायला शिकवा. घरात स्कूटर येवो की मोटार, ती कोण चालवणार, कुणाच्या उंचीला बसणार, कागद कुणाच्या नावावर, हे बाईनेही विचारायला हवं. आमच्या गटात पुढच्या बैठकीला त्या मुलीने फळ्यावर दोन्ही गाड्यांची इंजिनं काढून समजावून सांगितली. आई मागे बसून ऐकत होती. शेवटी तिनेच विचारलं, "यातली थांबते लवकर कुठली?"

तासभर चाललेल्या वादात हा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता.

तुमच्या गटांत असं काही घडलं असेल, तर जरूर लिहून कळवा.