विकास कोणाचा, मैलापाणी कोणाचे?

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात युनियनटाउन नावाचे सुमारे २ हजार वस्तीचे गाव आहे. वस्ती बहुतांशी कृष्णवर्णीयांची आणि गरिबांची. गावाचे सांडपाणी उघड्या तळ्यांत मुरवायचे आणि मग मोकळ्या शेतांवर फवारायचे, ही तेथील जुनी व्यवस्था. मासे सोलणाऱ्या कारखान्याचे पाणीही त्याच तळ्यांत येऊन पडले. तळी तुडुंब झाली आणि घाण ओढ्यांत उतरू लागली. तेव्हा केंद्रीय कृषी खात्याच्या लक्षावधी डॉलरच्या मदतीतून सुधारणा हाती घेण्यात आली आणि फवारणीसाठी नवे शेत तयार झाले. पण त्या भागातील चिकणमाती पाणी जिरवून घेत नाही. नव्या शेतावरचे पाणीही अखेर ओढ्यालाच मिळाले. जमिनीचा हा गुण तेथे पिढ्यान्‌पिढ्या कापूस वेचणाऱ्या कोणाही मजुराने सांगितला असता. परंतु असा सल्ला विचारण्याची प्रथा नाही.

दोष तळ्यांचा आहे, असे म्हणता येणार नाही. सूर्यप्रकाश, शेवाळ आणि जिवाणू यांच्या बळावर मैला शुद्ध करणारी ही पद्धत गरीब गावांना परवडणारी आहे. तिला वीज फारशी लागत नाही. जागा आणि अवधी मात्र भरपूर लागतो. वस्ती वाढली, कारखाना आला, की तेच पाणी तळ्यात कमी दिवस थांबते आणि अर्धेकच्चे बाहेर पडते. तळाशी गाळ साचत गेला की तळ्याची धारणशक्तीही घटते. यावर उपाय आहेत. तळी वाढवता येतात, हवा खेळवणारी यंत्रे बसवता येतात, गाळ उपसता येतो. पण यंत्र बसवले की दरमहा विजेचे बिल आले, जाणता कामगार आला, दुरुस्ती आली. बांधकामाला अनुदान मिळते, उद्‌घाटनाला मंत्री मिळतो. दहाव्या वर्षीचे वीजबिल मात्र गावाच्या माथी येते. ज्या गावाची करवसुलीच तुटपुंजी, तेथे यंत्र बंद पडणे हा अपघात नसतो. तो योजनेतच लिहून ठेवलेला शेवट असतो.

युनियनटाउनपासून फार दूर नसलेल्या लाउन्डस परगण्यात गटाराच्या नळापासून वंचित राहिलेल्या कुटुंबांची कथा याहून दाहक आहे. तेथे प्रत्येकाने आपापली मलटाकी बांधावी, असा दंडक आहे. चिकणमातीत साधी टाकी चालत नाही आणि चालेल अशी टाकी मजुराच्या ऐपतीबाहेरची. मैला अंगणात साचतो आणि त्याबद्दल कायद्याने गुन्हेगार ठरतो तो घरमालक! २०२३ साली केंद्रीय न्याय खात्याने राज्याच्या आरोग्य खात्याशी करार करून ही फौजदारी कारवाई थांबवली आणि मलव्यवस्थेच्या सुधारणेची हमी घेतली. एप्रिल २०२५ मध्ये नव्या राजवटीने तो करार मोडीत काढला. वंशभेदाच्या दृष्टीतून मैलापाण्याकडे पाहणे त्या राजवटीला मान्य नव्हते. मैला मात्र वंश पाहूनच साचत आला आहे.

हा परगणा महाराष्ट्राला अगदीच परका नाही. १९६५ च्या आरंभी तेथे बहुसंख्य असूनही एकाही कृष्णवर्णीयाचे नाव मतदारयादीत नव्हते. मताच्या हक्कासाठी तेथे उभ्या राहिलेल्या संघटनेने काळा चित्ता हे चिन्ह घेतले. १९६६ मध्ये ते कॅलिफोर्नियातील ब्लॅक पँथर पक्षाने उचलले आणि १९७२ मध्ये त्याच नावाने प्रेरित झालेली दलित पँथर मुंबईत उभी राहिली. मताचा हक्क मिळून सहा दशके लोटली, तरी त्या मातीत गटाराचा हक्क मिळालेला नाही, ही गोष्ट म्हणूनच येथेही विचार करायला लावणारी आहे.

कारण काळी कपाशीची जमीन आपल्याकडेही आहे, आणि गावाच्या उताराला वसवलेली वस्तीही आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील शहरांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निर्माण होत होते. प्रक्रियेची उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटरची होती आणि प्रत्यक्ष प्रक्रिया झाली ती अवघ्या २०,२३५ दशलक्ष लिटरवर. उभी केलेली क्षमतासुद्धा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वापराविना पडून होती. म्हणजे उणीव केवळ यंत्रांची नाही. ती यंत्रे चालवणाऱ्या पैशाची, माणसांची आणि घरापर्यंत न पोहोचलेल्या नळांची आहे.

तेव्हा ‘शहर वाढणार, म्हणून केंद्र मोठे करा’ या मागणीला विरोध करण्याचे कारण नाही. तिचा क्रम मात्र बदलला पाहिजे. नव्या बिगरशेती भूखंडांना जोडणी देण्यापूर्वी जुन्या वस्तीतील प्रत्येक घर भुयारी गटाराला जोडले गेले पाहिजे. कारखान्याने आपले पाणी आपल्या खर्चाने स्वच्छ करूनच गावाच्या गटारात सोडावे. बांधकामाच्या अनुदानासोबत पंधरा-वीस वर्षांच्या देखभालीची तरतूद राज्य सरकारने करावी. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने स्वच्छतेचे काम नगरपालिकांकडे सोपवण्याची वाट खुली केली, पण कामाच्या मागून पैसा गेला नाही. आणि गाळ उपसण्यासाठी सुरक्षासाधनांविना माणूस टाकीत उतरवण्यास २०१३ चा कायदा मनाई करतो, हे प्रत्येक ठेक्याच्या पहिल्या पानावर असावे. कारण उतरवला जाणारा माणूस कोणत्या जातीचा असतो, हे सांगण्याची गरज नाही.

तळ्याची सुधारणा झाली की नाही, हे त्याच्या आकारावरून ठरवू नये. गावाच्या शेवटच्या उतारावरचे अंगण पावसाळ्यात कोरडे राहते काय, हीच तिची खरी कसोटी.